प्रयोगशाळेतलं हृदय कुणी नेलं?

नववीच्या मुलांसाठी मी एक चोरी ठरवली होती. काय चोरायचं, कुणी चोरायचं, नेऊन कुठे लपवायचं, सगळं पक्कं होतं. चोर म्हणून आमच्या शाळेतले पी.टी.चे सर तयार झाले होते आणि चोरीचा माल होता जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं फायबरचं हृदय. नारळाएवढं मोठं, लालभडक, आकडे काढले की चारही कप्पे उघडून दाखवणारं. मुलांनी चोराच्या खुणा शोधायच्या, बोटांचे ठसे उचलायचे आणि सरांना पकडायचं. पुस्तकात फॉरेन्सिकवर जेमतेम दोन परिच्छेद होते. ते वाचून दाखवताना मलाच जांभई आली, म्हणून हा उद्योग.

आमची शाळा अंबरपेठेत, इंग्रजी माध्यमाची. मीही इथेच वाढले. वडील नोकरीसाठी नांदेडकडून या तेलुगू मुलखात आले ते इथलेच झाले. माझं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात आणि माझं तेलुगू ऐकून शेजारीण हसते. असो.

प्रिन्सिपल मॅडमची परवानगी काढायला गेले तेव्हा त्या हिरव्या शाईने भराभर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ॲक्टिव्हिटी? करा. पण रक्तबिक्त नको. आणि डिसिप्लिन." काय चोरीला जाणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सामान आणायला अफझलगंजच्या बाजारात गेले. स्टॅम्प पॅड, चिकटपट्टी आणि मऊ केसांचे ब्रश. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ब्यूटी पार्लर खोल रहे क्या?"

"नै भाई, चोर पकडना है."

त्याने जराही न हसता एक मोठा ब्रश पुढे सरकवला. "तो फिर ये बी ले लो."

पेन्सिलीचं शिसं पॉलिश कागदावर घासून मी त्याची बारीक भुकटी केली. शनिवारी शाळा सुटल्यावर कपाटाची काच लख्ख पुसली, पांढऱ्या कापडावर हृदय ठेवलं आणि कपाटासमोरच्या फरशीवर पिठाच्या चाळणीने खडूची पूड भुरभुरवली. सरांनी नंतर येऊन त्यावर आपले दणकट बूट उमटवायचे, काचेवर अंगठा दाबायचा आणि हृदय उचलून फुटबॉलांच्या जाळीत लपवायचं, असं ठरलं होतं.

सोमवारी मुलांना घेऊन प्रयोगशाळेचं दार उघडलं. हृदय नव्हतं. पुडीवर पावलंही होती. फक्त ती चिमुकली होती, पुढे निमुळती आणि मागे टाचेचा छोटा चौकोन.

मला सरांचं फार कौतुक वाटलं. माणसाने मुलांना चकवायला बायकोच्या सँडल आणल्या, असं मी समजले.

पहिल्या बाकावरची एक मुलगी खाली वाकून बघत होती. तिचे आईवडील पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी आलेले. ती माझ्याशी हौसेने मराठी बोलते, पण मराठी वाचायला दिलं की पाणी प्यायला जाते. ती म्हणाली, "मॅम, हे तर लेडीजचं सँडल आहे ना?"

"निष्कर्ष नंतर," मी गंभीर आवाज काढला. "आधी निरीक्षण."

मधल्या सुट्टीत मैदानावर सर भेटले. मी शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच हात जोडले. "मॅडम, माफ करो. शनिवार को मैं आयाच नै. घर में मेहमान आ गए, मैं भूलीच गया."

"तो सर, हृदय कहाँ है?"

"अलमारी में होगा ना!"

मग सर हळूच म्हणाले, "मतलब... सच्ची में चोरी हो गई?"

प्रयोगशाळेची जबाबदारी माझी. किल्ली एक माझ्याकडे, एक सरांकडे, आणि एक ऑफिसातल्या जुडग्यात, आणि तो जुडगा दिवसभर कुणाच्याही हातात असतो. घरी गेल्यावर मी भाजीत दोनदा मीठ घातलं. मुलांना सांगावं की नाही, हेच डोक्यात. सांगितलं तर गोंधळ होणार. नाही सांगितलं तर उत्तर माहीत असल्याचा आव आणून रोज वर्गात उभं राहायचं, आणि ते मला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. "मी ठरवलेली चोरी झालीच नाही. ही दुसरीच आहे. पावलं मी उमटवलेली नाहीत, आणि ती कुणाची आहेत हे मला माहीत नाही."

पुण्याची मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅम, आन्सर तुम्हालापण माहीत नाही?"

"नाही."

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. परीक्षेत त्याचा पेपर बहुतेक कोराच असतो. तो उठून उभा राहिला. "तो मॅडम, आज से आप हमारी टीम में."

सगळे ओरडले. मलाही हसू फुटलं, पण फार वेळ टिकलं नाही. कारण संशयित कोण असं विचारल्यावर दोघातिघांनी एकदम नाव घेतलं ते झाडूवाल्या मावशींचं.

"पुरावा?" मी विचारलं.

"मॅम, त्या रोज लॅबमध्ये येतात ना."

"मीही रोज येते. माझं नाव का नाही आलं?"

मी फळ्यावर नियम लिहिला: आधी खूण, मग माणूस. आणि सगळ्यात पहिले ठसे माझे घेतले. दहाही बोटं काळी झाली. मावशींचे नंतर घेतले. त्या इतक्या खूश झाल्या की एक कागद घरी लावायला म्हणून मागून नेला.

मग खरं काम सुरू झालं. एकाने विचारलं, "सीसीटीव्ही बघू या ना?" तो फक्त फाटकावर आहे, आणि त्याचा पडदा प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत. तो विषय तिथेच संपला. काचेवर शिशाची भुकटी ब्रशने फिरवली. पहिल्या गटाने इतक्या जोरात फिरवली की एक ठसा पुसूनच गेला. दुसऱ्या गटाने श्वास रोखून काम केलं आणि काचेवर हळूहळू एक अंगठा उगवला. शंख की चक्र यावर बराच वाद झाला. शेवटी भिंगातून स्पष्ट दिसलं, चक्र. आणि चक्राला छेदून जाणारी एक तिरपी रेघ, जुन्या जखमेची असावी तशी. चिकटपट्टीने तो ठसा उचलून पांढऱ्या कागदावर लावला तेव्हा मुलं रांगोळी बघावी तशी त्याच्याभोवती जमली.

पांढऱ्या कापडावर शाईचा एक ठिपका सापडला. हिरवा.

त्या ठिपक्याचा तुकडा पाण्यात भिजवून शाई काढली. गाळणकागदाच्या पट्ट्यांवर तिचा थेंब दिला आणि पट्ट्यांची टोकं पाण्यात सोडली. शेजारी वर्गातल्या सगळ्या हिरव्या स्केचपेनांच्या पट्ट्या. पाणी वर चढू लागलं आणि हिरव्याच्या पोटातून पिवळा आणि निळा वेगळे निघू लागले. स्केचपेनांचे रंग एका तऱ्हेने पसरले, आमच्या ठिपक्याचे निराळ्याच. मग पुण्याच्या मुलीने आपलं प्रगतिपत्रक काढलं, त्यावरच्या हिरव्या सहीचा एक कोपरा कापला आणि मी काही म्हणायच्या आत भिजत घातला. पट्टी तयार झाली. ठिपक्याच्या पट्टीशेजारी धरली. जुळ्या बहिणी.

आमच्या शाळेत हिरव्या शाईने लिहायचा मान एकाच व्यक्तीचा. ते नाव वर्गात कुणीही घेतलं नाही. शेवटच्या बाकावरचा मुलगा माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मॅडम, मेरेकू टीसी मिल जाएगी."

"तुला मिळाली तर मलाही मिळेल," मी म्हटलं.

पण मागे हटायला कुणीच तयार नव्हतं. ती मुलगी आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा, दोघंच स्टॅम्प पॅड घेऊन प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेले. मी दारात, पडद्याला धरून उभी.

"माझे ठसे?" मॅडमनी चष्मा काढला. "मी संशयित आहे का?"

"नाही मॅम," मुलगी इंग्रजीत म्हणाली, एकदम अदबीने. "शाळेतल्या सगळ्यांचे घेतो आहोत. तुम्हाला वगळण्यासाठी तुमचेही लागतील."

हे वगळण्याचं तत्त्व मीच शिकवलं होतं. मॅडमनी मुलीकडे बघितलं, मग पडद्याआडच्या माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. मग निमूटपणे अंगठा पुढे केला.

वर्गात परत येऊन दोन कागद शेजारी ठेवले. चक्राला चक्र, आणि तिरप्या रेघेला तिरपी रेघ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आता मी एकटी जाते," मी म्हटलं.

खोलीत शिरले तर मॅडमनी पेनाला टोपण घातलं आणि दार लावायला सांगितलं. खुर्चीवर बसायचंही सांगितलं, जे त्या सहसा सांगत नाहीत.

"जुळला?"

"हो मॅडम."

"रेघसुद्धा?"

"रेघसुद्धा."

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. "भेंडी चिरताना कापलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी." मग त्या बोलत सुटल्या. नवरा निवृत्त इंजिनिअर. मध्यंतरी हृदयाचा त्रास झाला, नळीत स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि हा माणूस सोफ्यावरून उठायला तयार नाही. डॉक्टरांना मशिनरी कळत नाही, असं म्हणतो. "मला वाटलं, डोळ्यांनी बघितलं तर पटेल. शनिवारी लॅब उघडून घेऊन गेले. सोमवारी सकाळी परत ठेवणार होते. खडूची पूड दिसली, वाटलं झाडायचं राहिलं असेल."

"मग सोमवारी का नाही आलं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी देवळात गेले तेवढ्यात त्यांनी ते पूर्ण उघडलं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन. सगळे भाग जेवणाच्या टेबलावर. आता जोडता येत नाहीये. म्हणतात, डिझाइनच चुकीचं आहे."

मी ओठ घट्ट दाबून धरले, पण उपयोग झाला नाही. मी हसले आणि मग मॅडमही हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याच तासाला त्या वर्गात आल्या. एरवी त्या आल्या की मुलं पाय जुळवून उभी राहतात; त्या दिवशीही राहिली. "तुमचा तपास बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हृदय मी नेलं. न विचारता नेलं. सॉरी."

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, लेकिन माल किधर है?"

"माझ्या साथीदाराकडे," मॅडम म्हणाल्या. "उद्या हजर करते."

दुसऱ्या दिवशी साथीदार आले. उंच, ढेरपोटे, हातात आंब्याची पेटी. पेटीत टॉवेलमध्ये गुंडाळलेले हृदयाचे तुकडे. आल्या आल्या त्यांनी तेलुगूत तक्रार मांडली की सोबत नकाशा द्यायला हवा होता. मुलांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्यासमोर हृदय जोडायला घेतलं. ते प्रत्येक पायरीला "थांबा, हे इथे नाही" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ते तिथेच असायचं. शेवटी एक झडप उरली.

"ती जादाची आहे," ते ठामपणे म्हणाले.

"अंकल, ती नसेल तर रक्त उलटं जाईल," पुण्याची मुलगी म्हणाली. सगळं पुन्हा उघडावं लागलं.

मग कुणीतरी विचारलं, तुमची नळी कुठली बंद झाली होती? त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने एका जागेवर बोट ठेवलं. मुलीने ते बोट धरून अलगद बाजूला, पुढच्या भागावर नेलं. "ही असेल, अंकल. डावा कप्पा हिच्यावर चालतो." ते बराच वेळ ती बारीक लाल नळी बोटाने चाचपत बसले. मागे भिंतीला टेकून प्रिन्सिपल मॅडम उभ्या होत्या. "पुन्हा दाखव," ते मुलीला म्हणाले, आणि तिने पुन्हा दाखवलं.

रस्त्यावर गाड्या फार, फुटपाथ मोडलेले, अशा सबबी त्यांच्याकडे अजून होत्या. त्यावर मॅडमनी शाळेचं मैदान देऊ केलं. आता सकाळी प्रार्थनेआधी ते मैदानाला फेऱ्या मारतात, मॅडम फाटकाशी उभ्या राहून मोजतात आणि ते एक फेरी जास्त सांगतात. पहाटे माळी पाणी मारून जातो, त्यामुळे माती मऊ असते आणि पावलं छान उमटतात. नववीची चार-पाच मुलं, ज्यांना एरवी पहिल्या घंटेपर्यंत पोचतानासुद्धा धाप लागते, ती लवकर येऊन टेपने त्यांच्या दोन पावलांतलं अंतर मोजतात. मी सांगितलेलं नाही.

परवा मी फाटकातून आत शिरत होते तेवढ्यात ती मुलगी टेप हलवत धावत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, वेणी सुटलेली.

"मॅम, त्यांची स्टेप लांब झाली!"

"किती?"

"एवढी!" तिने बोटाचं एक पेर दाखवलं. "आणि मॅम, टाचपण नीट उमटली. आधी ते पाय घासत होते ना, आता उचलतात!"