दादा पोचेपर्यंत केर नाही

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर येतो तो तुमच्या भुताखेतांवर हसायला. माझा धंदा विमानतिकिटांचा... कुठून कुठे किती अंतर, किती तास, हे मला झोपेत विचारा. अमानवीय काही माझ्या घरात घडेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. थोरला भाऊ, दादा, सॅन फ्रान्सिस्कोला — एकटाच. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आईचा कायदा. कुणी इथं जवळच गंगापूरला जाणार असेल तोवर ठीक. पण अमेरिका! मी समजवायचो, "आई, तेरा हजार किलोमीटरच्या वर आहे. विमानं बदलत सबंध दिवस जातो, वर थोडा."

"किलोमीटर लई झाले रे बाबा. केर कधी काढू, तेवढं सांग."

चुकून कुणी झाडू नये म्हणून केरसुणी ती स्वतःच्या पलंगाखाली लपवायची. दादाचा फोन आला की मगच बाहेर.

मागच्या वर्षी आई गेली. दिवसकार्य आटोपून दादा चिकलठाणा विमानतळावरून निघाला. माझ्या हिशेबाने पोचायच्या वेळेला बरोबर मेसेज आला — "पोचलो." माझी बायको सुनीता झाडायला उठली, तर केरसुणी जागेवर नाही. घर पालथं घातलं, आईच्या पलंगाखालीही पाहिलं. शेवटी मुकुंदवाडीतून नवी आणली. तिन्हीसांज झाली होती, म्हणून न झाडता दाराआड ठेवली. सकाळी तीही गायब!

सुनीता पलंगाकडे बघत म्हणाली, "अहो, भाऊजी पोचलेच नसतील."

"मेसेज आलाय ना? काहीतरीच काय तुझं!"

चिडलो खरा, पण आतून टरकलो होतो. व्हिडिओ कॉल लावला... दादा हॉस्पिटलच्या खाटेवर. दुबईत विमान बदलताना छातीत कळ आली होती.

"तुम्हाला घोर नको म्हणून खोटं लिहिलं रे. संध्याकाळच्या विमानानं निघतो आता. डॉक्टर उगंच नको म्हणतेत."

"दादा, हलायचं नाय तिथून! आईची केरसुणी सापडंना."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. पण तिथेच थांबला. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या विमानात बसला असता तर जिवंत उतरला नसता.

काही आठवड्यांनी फोन आला, "पोचलो. खरंच पोचलो. आईला सांग."

भर दुपार होती. लाज वाटत होती, तरी रिकाम्या पलंगाशी वाकलो. "आई, दादा पोचला गं." हात आत घातला... दोन्ही केरसुण्या, शेजारी शेजारी.

तुम्ही म्हणाल, सुनीतानेच ठेवल्या. मीही तिला विचारलं. ती बिचारी नवी केरसुणी गेल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. गिऱ्हाइकांना मी अजूनही बिनचूक तास सांगतो. याचा हिशेब मात्र लागत नाही.

त्या दुपारी सुनीता दारातूनच म्हणाली, "द्या इकडं, झाडून घेते."

मी म्हटलं, "आज राहू दे."

आईसुद्धा निघालीच होती ना... आणि ती पोचल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.