दूध डेअरीतलं सातवाहनांचं जातं

म्युझियम बघायला सुट्टी घालवणाऱ्यांतली मी नाही. पण मामेभावाने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, 'आपल्या गावात संग्रहालय! सातवाहनकालीन जाते!', आणि आईने चष्मा पुसून तो मोठा करून पाहिला. म्हणाली, "गाडी काढ. ते जातं माझ्या आईचं हाय."

छत्रपती संभाजीनगरहून गेवराईपर्यंत हायवे झकास आहे. गेवराईतच पोटभर खाऊन घ्या आणि बाटल्या भरून घ्या, कारण पुढे तलवाड्याच्या बाजूला रस्ता तुमची हाडं मोजून घेतो. आम्ही भर मे महिन्यात गेलो. तुम्ही तो शहाणपणा करू नका.

वाटेत आईने सगळी हकीकत सांगितली. ती आठ वर्षांची असताना दुष्काळ पडला आणि आजी-आजोबा ऊसतोडीला निघाले. बैलगाडीत संसार मावला, जातं मावेना. तोडीला जाणारे असलं जड सामान पुरून ठेवायचे. आजी घरामागे खड्डा घेत होती, तेवढ्यात आईने अक्कल पाजळली, "कोरड्या तळ्यात पुरून टाक, तितं कोन खणतंय?" आजीने ऐकलं. छप्पन्न सालच्या धर्मांतरापासून आमच्या घरात देव नाहीत. भरवसा ठेवायला दुष्काळ तेवढा उरला होता. तोड संपली तरी गावात काम नव्हतं, म्हणून ते तिकडेच थांबले. परतले तेव्हा तळं काठोकाठ भरलेलं. पुढे कधी तळं आटलं तरी गाळाखाली जातं काही सापडलं नाही. आजी शेजारच्या दारात दळण दळत राहिली आणि मरेपर्यंत म्हणत राहिली, "हिच्या अकलेनं जातं बुडालं." हे सांगताना आई हसत नव्हती.

संग्रहालय बंद पडलेल्या सहकारी दूध संस्थेच्या इमारतीत आहे. तिकीट नाही, पंखा नाही. वीरगळ, खापरं, निजामाच्या काळातली नाणी, आणि भिंतीवर माजी चेअरमनचा हार घातलेला फोटो. चेअरमन अजून हयात आहेत, संस्था तेवढी वारली. सगळा कारभार परगावचे एक निवृत्त चित्रकलेचे गुरुजी बघतात. ते आम्हाला थेट जात्याकडे घेऊन गेले.

"तळ्याचा गाळ काढताना सापडलं. ही कडेची खूण बघा, ब्राह्मीतला 'क'. अगदी अधिकच्या चिन्हासारखा."

"ती फुली हाय, गुर्जी," आई म्हणाली. "टाकीवाला जात्याला टाकी लावाया आलता, त्याची छिन्नी घिऊन मीच मारलीय."

गुरुजींचा चेहरा पडला, पण माणूस पक्का. "ताई, पुरावा?"

"वरचा दगड उलटा करा. आतून भोकापाशी नुसती एक रेघ आसंल. दुसरी मारायच्या आत आईनं लई हाणलं."

मी आणि गुरुजींनी कण्हत-कुथत दगड उलटवला. भोकापाशी एकच रेघ होती, खोल आणि वाकडी. आई जात्यापाशी मांडी घालून बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी दुधाचं फॅट मोजायच्या यंत्राकडे बघत राहिले.

गुरुजी हळूच म्हणाले, "शाळेच्या सहली ह्याच्यासाठीच येतात. पण वस्तू तुमची आहे, ताई. घेऊन जा."

"कावून न्यायचं? तिसऱ्या मजल्यावर कोन दळतंय?" आईने डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या हितंच. पाटी तेवढी बदला. आईचं नाव लिवा, सोजराबाई. आन् लेकीच्या सांगन्यावरनं तळ्यात पुरलं, ते बी लिवा."

गुरुजींनी खडू उचलला. सातवाहन पुसून टाकले. "काळ काय लिहू?"

"मी आठ वर्साची व्हते."

घरी येऊन पंधरा दिवस झाले. माझ्याकडे उरली ती कंबरदुखी आणि एक शंका, की बाकीच्या म्युझियममधल्या किती वस्तूंच्या लेकी अजून घरी बसल्या असतील. काल गुरुजींनी नव्या पाटीचा फोटो पाठवला. 'काळ : कौसाबाई आठ वर्षांची असताना.' आजवर ही गोष्ट आई खालच्या आवाजात सांगायची. आज तिने वॉचमनलाही जिन्यात थांबवून फोटो दाखवला.

"कौसाबाई कोण?" त्याने विचारलं.

"मीच की," आई म्हणाली. "जातं मीच बुडवलतं."