लोखंडाचं लोणचं

आता काय सांगू तुम्हाला… हसू नका, पण मी एकदा लोखंडाचं लोणचं घातलं होतं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरजवळच्या एका संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात मी नुकताच सुपरवायझर लागलो होतो. तिथल्या सांडपाण्याचा लोखंडी पाइप आंबट पाण्यानं दर हंगामात सडायचा. शेठजी म्हणाले, "या साली पाइप टिकला तं नोकरी पक्की. नाई तं पांढुर्ण्याले बापाच्या दुकानात बसा."

झालं, माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला! कोणता पाइप टिकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. लोखंडी, सिमेंटचा, प्लास्टिकचा, असे तुकडे आणले. आईची चिनी मातीची मोठी बरणी रिकामीच होती. तिच्यात कारखान्याचं सांडपाणी ओतलं, तुकडे बुडवले आणि तोंडावर फडक्याचा दादरा बांधला.

आईनं वास घेतला. "बाबू, हे काय मुरवून राहिला?"

"पाइप."

"पाइप? अन् मीठ नाई घातलं?"

रोज सकाळी मी बरणीत डोकं खुपसायचो. लोखंड गंजलं, सिमेंट भुसभुशीत झालं. प्लास्टिक मात्र नवरदेवासारखं चकचकीत! मी जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला आणि शेठजींना छातीठोक सांगितलं, "प्लास्टिकच!"

पाइप बसला. संध्याकाळी टाक्या नेहमीप्रमाणे उकळत्या पाण्यानं धुतल्या. आता सांगा, बरणीत उकळतं पाणी ओतून पाहायचं कुणाला सुचतं? मला तर नाही सुचलं! पाइप मऊ पडून लोंबला, सांधा निसटला आणि सगळा लोंढा शेठजींच्या नव्या चपलांवर.

"काऊन हो शास्त्रज्ञ, हे काय होऊन राहिलं? उद्या दुसरा पाइप सांगा, नाई तं येऊच नका!"

घरी आलो आणि रागानं बरणी न्हाणीत उपडी आपटली. आई धावत आली.

"अरे, हळू! माह्या लग्नातली बरणी हाय ते! लिंबाचं लोणचं पोटात ठेवते, दरसाली उकळत्या पाण्यानं धुतली जाते, आजवर तिले काई झालं नाई. अन् तू फोडून राहिला!"

मी बरणी सुलटी करून न्याहाळली. अहो, अशाच चकाकीच्या, भाजलेल्या मातीचे पाइप नागपुरात ढिगानं मिळत होते!

ते आणले, बसवले, टिकले. नोकरी पक्की झाली आणि शेठजी चारचौघांत माझ्या प्रयोगाचं कौतुक करू लागले. मी मान खाली घालून ऐकायचो. त्यांना कसं सांगणार, की रोज सकाळी मी बरणीत पाहत होतो, बरणीकडे एकदाही पाहिलं नव्हतं!