टोपी आमची, पोरगा दुसऱ्यांचा

मी बास्केटबॉल क्लबचे गणवेश धुवायचो आणि मर्ल टिबेट्स नवे खेळाडू हेरायचा. डाकोटातल्या एका कॉलेजात त्याला डेव्हिन नावाचा उंच पोरगा सापडला. तीन हिवाळे मर्ल बर्फातून गाडी हाकत त्याचे सामने बघायला जात होता.

आमचे मॅनेजर व्हॉससाहेब. पोरं घडवायचा धीर यांना कधीच नव्हता. दुसऱ्यांनी वापरून टाकलेले नामवंत आणायचे आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायचे, एवढीच यांची अक्कल.

सगळे क्लब कॉलेजांतली पोरं निवडतात, त्या संध्याकाळी टीव्हीवर आमच्या संघासाठी डेव्हिनचं नाव पुकारलं गेलं. त्याने मंचावर आमची टोपी घातली, तेव्हा मर्ल चक्क हसला.

"फार खूश होऊ नकोस," व्हॉस म्हणाले. "दुपारीच दुसऱ्या क्लबला देऊन टाकलाय त्याला. बदल्यात कॉलियर येतोय."

"साहेब, कॉलियरच्या गुडघ्यात आता उरलंय काय?"

"नाव उरलंय. तिकिटं नावावर खपतात, म्हाताऱ्या."

"मग पोराला आपली टोपी कशाला?"

"अदलाबदलीच्या सह्या व्हायच्यात अजून. तोवर पोरं निवडणाऱ्याचीच टोपी घालतात."

मर्लने गळ्यातलं ओळखपत्र काढून व्हॉसच्या सँडविचवर ठेवलं आणि तो कायमचा घरी गेला.

कॉलियर अकरा सामने खेळला. त्याचे गणवेश मला नुसते घडी करावे लागले, कारण त्यांना घामच नसायचा.