साडूभाऊंची एकी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती लोकांत एकी व्हावी म्हणून माझ्या थोरल्या साडूंइतका जीव कोणी टाकला नसेल, आणि त्यांच्याइतकी फाटाफूटही दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसेल. त्यांनी एकीचं काम हाती घेतलं तेव्हा गावात तीन मंडळ्या, म्हणजे तीन वेगवेगळी चर्चं, होती. आज पाच आहेत. वाढलेल्या दोन्ही मंडळ्यांच्या उद्घाटनाला साडूभाऊंनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलं. ते दोन्हीकडे गेले, गळ्यात हार घालून घेतले, चार शब्द बोलले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले.

साडूभाऊ जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. बैलाच्या खांद्याची मलमपट्टी करायची, डॉक्टर सुई टोचत असताना म्हशीचं डोकं धरून ठेवायचं, अशी त्यांची नोकरी. माणसांविषयीची त्यांची सगळी मतं या नोकरीतून आलेली. "एकमेकाले शिंगं मारनारे दोन बैल मी एका दावनीले बांधले हायेत," ते मला सांगत. "हे तर शिकलेले लोक. यायले काहून जमत नाई?" बैल शिकलेले नव्हते म्हणूनच जमलं असावं, असं मला वाटायचं. पण थोरल्या साडूंपुढे असं बोलण्याची आमच्या सासुरवाडीत पद्धत नाही.

मूळच्या तीन मंडळ्यांपैकी एक आमची, म्हणजे जुनी. तिथे पेटीवर गाणी म्हणतात आणि तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. दुसरी कॅथलिक, तिथे फादर असतात आणि सगळं शांतपणे, वेळेवर चालतं. तिसरी टाळ्या वाजवणाऱ्यांची. तिथे ढोलकी असते, प्रार्थना मोठ्या आवाजात होते, आणि बाप्तिस्मा घ्यायचा तर मोठं होऊन, समजून उमजून, पाण्यात पूर्ण बुडून. साडूभाऊ दर रविवारी तिन्हीकडे जात. सकाळी सातला कॅथलिकांची मिस्सा, नऊला आपली उपासना, आणि अकराला टाळ्यांची मंडळी, जी कधी सुटेल हे तिच्या पाळकांनाही ठाऊक नसे. खांद्याच्या झोळीत गाण्यांची तीन वेगवेगळी पुस्तकं आणि गुडघ्यांसाठी एक छोटी उशी. कष्ट एवढे करायचे, पण कुठे काय करायचं याचा मेळ त्यांना शेवटपर्यंत घालता आला नाही. आमच्याकडे सगळे उभे असताना ते एकटेच उशी टाकून गुडघ्यांवर बसत. कॅथलिकांच्या निःशब्द घटकेला त्यांचे दोन्ही हात वर जात आणि तोंडातून दणदणीत "हालेलुया" निघे. फादर भले माणूस, म्हणत, "असू द्या, आमची म्हातारी मंडळी तेवढ्यानं जागी तरी होतात."

नमस्काराचंही तसंच. जुने लोक "सलाम" म्हणतात, कॅथलिक "जय येशू" म्हणतात, तिसरे "प्रेज द लॉर्ड". समोरचा कोणत्या मंडळीचा हे आठवण्याच्या भानगडीत न पडता साडूभाऊ तिन्ही एका दमात म्हणून टाकत. पुढे पुढे ती सवयच झाली. एसटीच्या कंडक्टरलाही ते "सलाम जय येशू प्रेज द लॉर्ड, एक यवतमाळ" असं म्हणत, आणि कंडक्टर निमूटपणे तिकीट फाडून देई.

एकीचा पहिला प्रयोग संयुक्त नाताळाचा. तिन्ही मंडळ्यांनी मिळून एकच गाणं म्हणायचं ठरलं. गाणं सगळ्यांना पाठ होतं, पण प्रत्येकाची चाल निराळी. साडूभाऊंनी तोड काढली की पहिलं कडवं जुन्या चालीत, दुसरं कॅथलिकांच्या, तिसरं ढोलकीवर. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र कोणालाच आपल्या पाळीपर्यंत धीर निघाला नाही आणि तिन्ही चाली एकदम सुरू झाल्या. मेंढपाळ झालेली लहान मुलं रडायला लागली, आणि गोठ्याच्या देखाव्यासाठी आणलेली खरी शेळी दावं तोडून गेली ती थेट बाभुळगावच्या रस्त्याला सापडली. आधी कोणी सुरू केलं यावरून भांडण जुंपलं, त्यात आमच्या मंडळीतली गिटारवाली तरुण पोरं रुसली आणि एका रिकाम्या गोदामात वेगळी जमू लागली. ही चौथी. मग साडूभाऊंनी ऐक्य समिती काढली. सात सभासद. पहिल्याच बैठकीत, सुरुवातीची प्रार्थना उभं राहून करायची की गुडघे टेकून, यावर दोन तास गेले. प्रार्थना झालीच नाही, आणि दोन सभासद बाहेर पडून फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत शनिवारी उपासना घेऊ लागले. ही पाचवी. साडूभाऊंचा रविवार आधीच गेलेला होता, आता शनिवारही गेला.

असा हा माणूस. म्हणून त्यांची एकुलती एक मुलगी सुवार्ता, जी रोज एसटीनं यवतमाळला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला जात होती, तिनं घरी येऊन सांगितलं की मारेगावचा अभिषेक नावाचा मुलगा तिला पसंत आहे आणि त्याच्या घरचे बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्यांपैकी आहेत, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, भाऊ पेढे वाटतील. भाऊंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "होनार नाई."

माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, ताई, फार बोलत नाही. ती एवढंच म्हणाली, "एकी फक्त लोकायच्या पोरींसाठी असते वाटते."

"एकी वेगळी, लग्न वेगळं," भाऊ म्हणाले. "ते लोक आपल्या पोट्टीले पुन्हा बाप्तिस्मा घ्याले लावतीन. म्हनजे माह्या मांडीवर झाला तो काय होता? पाळकसाहेबाईनं पानी टाकलं तवा ती हसलती. ते खोटं होतं काय?"

पुढचे पंधरा दिवस त्या घरात बापलेक एकमेकांशी ताईमार्फत बोलत होते. मीठ हवं असलं तरी भाऊ ताईला सांगत, आणि मिठाची वाटी सुवार्तेच्या समोर असे. शेवटी ताईनं मला फोन केला. मी माझी जुनी गाडी काढली, भाऊंना पुढे बसवलं, मायलेकींना मागे, आणि आम्ही मारेगावला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, आणि भाऊ तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखे खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

मुलाचे वडील शाळेत गणिताचे मास्तर. हिशेबी माणूस. चहा संपायच्या आत विषयावर आले. "मुलगी आमाले पसंत हाय. फक्त तिनं पान्यात उतरून बाप्तिस्मा घ्यावा. शिंपडलेलं पानी ते किती? चमचाभर बी नसन."

"जनावराले औषध चमच्यानं पाजा का बादलीनं," भाऊ म्हणाले, "औषध ते औषध."

"मंग तुमी आंघोळ चमच्यानं करता काय?"

मी हसू दाबण्यासाठी खोकलो. मुलाची आई पोहे आणण्याच्या निमित्तानं आत गेली ती बराच वेळ आली नाही. मास्तर म्हणाले, निदान ती जागा तरी बघून घ्या, म्हणजे तुमची भीती जाईल. आणि आम्हा सगळ्यांना गावाबाहेरच्या तलावावर घेऊन गेले. पावसाळा नुकताच संपलेला, तलाव काठोकाठ. मास्तर काठावरून दाखवत होते, पाळक कुठे उभे राहतात, बाप्तिस्मा घेणारा कुठे. भाऊ एका दगडावर उभे राहून, पाणी कमी-जास्त असल्यानं देवाला काही फरक पडत नाही, हे हातवारे करून समजावत होते. दगडावर शेवाळ होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊ सबंध पाण्यात गेले. वर फक्त झोळी तरंगत राहिली.

मला पोहता येत नाही हे मी इथे प्रामाणिकपणे सांगतो. अभिषेक चपला काढेपर्यंत मास्तरांनी चष्म्यासकट उडी मारली होती. पाणी छातीएवढंच होतं, पण भाऊ आडवे पडले होते, त्यामुळे त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. दोघेही धापा टाकत, केसांतून पाणी गळत, एकमेकांना धरून उभे. मास्तरांचा चष्मा तळाशी गेला होता. त्यांनी भाऊंकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "घ्या. झालं की मंग."

"हे मोजाचं नाई," भाऊ दात वाजवत म्हणाले. "मी मनानं गेलो नाई. पाय घसरला."

"पन बुडले तर पूर्ण."

"पूर्ण बुडलो. मी कुठं नाई म्हनतो? पन धरायचं नाई."

हा वाद पाण्यात उभं राहूनच आणखी थोडा वेळ चालला असता, पण ताई काठावरून "बाहेर या" एवढंच म्हणाली आणि दोघेही आले.

घरी आल्यावर भाऊंना हुडहुडी भरली. मास्तरांनी आपली लुंगी आणि बनियन दिलं. ते भाऊंना दुपटीनं मोठं होतं. खाटेवर बसवून मास्तर स्वतः त्यांच्या तळपायांना कोमट तेल चोळू लागले. भाऊ पाय ओढून घेत होते, मास्तर सोडत नव्हते. चोळता चोळता मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांच्या पद्धतीनं मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. प्रार्थना ऐकली की साडूभाऊंचे डोळे आपोआप मिटतात. मास्तर म्हणत होते, "प्रभू, या भावाले ताप येऊ देऊ नको. याले आज वाचवलं म्हनून तुझे आभार. याच्या छातीत कफ होऊ देऊ नको. याच्या पोरीले आमच्या घरची लेक कर, अन् याले माहा व्याही कर."

"आमेन," भाऊ म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. आमेन म्हटलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे भाऊंनीच आम्हाला आयुष्यभर शिकवलेलं. त्यांनी तेलकट पाय लुंगीत ओढून घेतले. मग ताईला नाही, थेट सुवार्तेला म्हणाले, "माह्या मांडीवर तू हसलती, ते तेवढं खोटं म्हनायचं नाई कोनी."

सुवार्ता त्यांच्याजवळ जाऊन बसली. मास्तरांकडे वळून म्हणाली, "बाबा, माझा बाप्तिस्मा एकदा झालाय, मी पुन्हा घेणार नाही. आमच्या घरातून एक जण बुडलाय. तेवढ्यावर भागवा." मास्तरांना हसू आवरेना. ते म्हणाले, "बरं. वजनदार मानूस बुडला, पुरते."

लग्न आमच्या गावी, जुन्या मंडळीच्या आवारात झालं. भाऊंनी पाचही मंडळ्यांना बोलावलं, आणि कोणी रुसू नये म्हणून प्रत्येकाच्या पुढाऱ्याला दोन मिनिटांची प्रार्थना ठेवली. दोन मिनिटं म्हणजे किती, याबाबतही त्यांच्यात एकमत नव्हतं. अकराला सुरू झालेलं लग्न दीड वाजला तरी तिसऱ्या प्रार्थनेत होतं. अभिषेक एकदा उभ्याउभ्या डुलला, सुवार्तेनं त्याला कोपरानं सावरलं. मागच्या बाजूला आचाऱ्यानं मटणाच्या गंजावरचं झाकण काढलं आणि वास आत आला. मागच्या रांगेतून एक उठला, मग चार, मग सगळी खुर्च्यांची रांग. मला वाटलं, आता भाऊ चिडणार. मी त्यांना शोधत बाहेर आलो, तर ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते.

पंगत बसली होती. गिटारवाली पोरं आमच्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी, शनिवारवाले कॅथलिकांच्या मधोमध, कारण जागा मिळेल तिथे बसण्यावाचून इलाज नव्हता. फादर स्वतः वडे वाढत होते. ज्या दोन म्हाताऱ्यांनी समितीत गुडघ्यांवरून भांडण केलं होतं, ते एकाच पत्रावळीतलं लिंबू वाटून घेत होते. भाऊंनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "आत जा. प्रार्थना करून राह्यला त्याले सांग, घाई करू नको म्हना. लांबव अजून. लोक जेवून राह्यले."

त्याला आता दोन वर्षं झाली. मंडळ्या अजून पाचच आहेत, सहावी झाली नाही याचं श्रेय ताई स्वतःकडे घेते, कारण समितीची कागदपत्रं तिनं चुलीत घातली. भाऊ थकलेत. गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा कौटुंबिक प्रार्थनेची वेळ झाली होती. मारेगावहून फोन येतो, तो भाऊ स्पीकर लावून टेबलावर ठेवतात, आणि दोन्ही घरं मिळून प्रार्थना करतात. त्या दिवशी मास्तर बराच वेळ बोलले. तिकडे घर भरलेलं असावं. भांड्यांचा आवाज येत होता, कोणी तरी हसत होतं. आमेन झालं. भाऊंनी डोळे पुसले आणि फोनकडे वाकून विचारलं, "पोट्टे, जेवली काय?"

तिकडून सहा-सात जणांनी एकदमच उत्तर दिलं. भाऊंनी फोन उचलला, कानाला घट्ट लावला आणि दुसऱ्या कानावर हात ठेवून, त्यातला तिचा आवाज कोणता, ते ऐकत उभे राहिले.