भोंग्याचा घसा

भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. त्याची बोली शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचायची. त्या आवाजावर घर चालायचं. ऐन हंगामात घसा बसायचा, आणि ते तो मिरवायचा. घसा बसला म्हणजे माल भरपूर आला.

यंदा छताच्या दुरुस्तीसाठी बाजार महिनाभर बंद राहिला. भोंगा घरी गप्प बसून होता. तरी बसलेला आवाज सुटेना.

"अहो, पुकारायला गेलातच कुठे?" बायको म्हणाली. "मग घसा बसला कशाने?"

ती त्याला दवाखान्यात घेऊनच गेली.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. स्वरतंतूवर पांढरा चट्टा दिसला. त्याचा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला.

"सिगारेट सोडून वर्षं झाली," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मग मलाच कसा?"

"सोडलीत म्हणून धोका उतरला. संपला नाही. एखादा जन्मभर ओढून सुटतो, एखाद्याला न ओढताही होतो. धोका हा अंदाज असतो, निकाल नव्हे."

बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी मावशी रक्ताच्या कर्करोगाने गेली."

"नाव एकच, आजार अनेक. रक्ताचा वेगळा, हाडाचा वेगळा, लसीका ग्रंथींचा वेगळा. यांचा घशाच्या आतल्या अस्तराचा आहे, आणि लवकर सापडलाय. मावशींवरून यांचं ठरवू नका."

"म्हणजे कांद्याचा भाव बटाट्याला लावायचा नाही," भोंगा म्हणाला.

"अगदी तसंच."

मग त्याने खरा प्रश्न विचारला. "आवाज राहील?"

"राहावा. थोडा जाडाभरडा होईल."

"आधी कुठे कोकीळ होता!" डोळे पुसत बायको म्हणाली.

किरणोपचार सुरू झाले. घोट गिळताना काटे रुतत. बोलायला मनाई होती. "लग्नानंतर पहिल्यांदाच माझं शेवटपर्यंत ऐकून घेतायत," बायको शेजारणीला सांगे. तो मान हलवी.

चट्टा गेला. तपासण्या चालू राहणार होत्या. भोंगा पुन्हा ओट्यावर चढला. टोमॅटोचा ढीग समोर. त्याने श्वास भरला आणि पहिली बोली पुकारली.

शेवटच्या गाळ्यावरून म्हातारी व्यापारीण घोगऱ्या आवाजात ओरडली, "भोंग्या, गंजलास की रे!"

म्हणजे तिथपर्यंत ऐकू गेलं होतं.

"मावशी, तुमचा घसा कधीपासून बसलाय?"

"मेल्या, माझा जन्मापासून असाच! तू पुढची बोली बोल."

तो बोलला.