रेणुकेला आठवत होतं

पोथीकाकी पोथीशी भांडायची. श्रावणात दुपारची जेवणं आटोपली, की वाडीतल्या बायका तिच्या ओटीवर जमत. काकी मांडी घालून बसे, चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने कानाला अडकवी आणि अध्याय वाचायला घेई. वाचता वाचता मध्येच थांबून पानाकडे अशी बघे, की वर्गातल्या खोटं बोलणाऱ्या पोराकडे मीही तसं कधी बघितलं नसेल. "ह्यां काय माका पटणा नाय," ती म्हणे. मग पान पालथं घालून पुढची गोष्ट स्वतःच्या मनाने सांगू लागे. त्याआधी बजावायला मात्र विसरत नसे, "आता सांगतंय ता पोथीत नाय हां. उगाच पोथयेक बोल लावू नकात."

तिचं खरं नाव कुणी घेत नसे. नवरा शाळामास्तर होता. त्याने तिला वाचायला शिकवलं आणि लिहायला शिकवायच्या आत तो वारला. पदरात बाबल नावाचा एक मुलगा. मोठ्या दिरांनी, म्हणजे आबांनी, दोघांना सांभाळलं. आबा गावातले मोठे मानकरी. सातेरीच्या देवळात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. मी नुकतीच गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते आणि वाचनालयाची किल्लीही लोकांनी माझ्याच गळ्यात मारली होती. आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, तोंडवलीच्या अलीकडे. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक बाक आणि भरपूर वाळवी.

काकीची खोड एकच. गोष्टीत पुरुष काहीतरी मोठं करत असला, की ती विचारी, "आणि तेची बायल तेव्हा खंय होती?" एकदा एका ऋषीची कथा चालली होती. तो तपाला असा बसला, की अंगावर वारूळ चढलं. बायकांनी हात जोडले. काकीने चष्मा काढला. "तितकी वर्सां घरातली चूल कोणी पेटयल्यान? ता कोण सांगणा नाय!" बायका इतक्या हसल्या, की आतून आबांचं खाकरणं ऐकू आलं. आबांच्या खाकरण्याला गावात अर्थ असे. काकी तेवढ्यापुरती पोथीवर येई.

पण रेणुकेपाशी ती पोथीवर आली नाही. आमची सातेरी म्हणजे वारूळच. देवळात मूर्तीच्या मागे ते अजून आहे. लोक मानतात, की ही सातेरी म्हणजेच परशुरामाची आई रेणुका. कथा सगळ्यांना पाठ. रेणुका नदीवर पाण्याला गेली, तिथे गंधर्वाकडे तिची नजर क्षणभर गेली, ते जमदग्नीला कळलं आणि त्याने मुलाला हुकूम केला, आईला मार. परशुरामाने परशू चालवला. बाप खूश होऊन वर माग म्हणाला, तेव्हा मुलाने मागितलं, आई जिवंत होऊ दे आणि तिला यातलं काही आठवू नये. ती झोपेतून उठावी तशी उठली. कथा संपली, आरती करा.

काकीने त्या दिवशी आरतीचं ताट बाजूला सारलं आणि डाव्या हाताचं बोट सगळ्यांसमोर धरलं. "लग्नाच्या पयल्या वर्सी मासे कापताना आडाळ्यान ह्यां बोट कापला. आजून थंडीत ठणकता. आणि जिची मान कापली, ती इसारली?" कुणी हसलं नाही. मग तिने जी रेणुका सांगितली, ती उठून बसते आणि तिला सगळं आठवत असतं. परशू उचलतानाची मुलाची मनगटं, त्याने डोळे मिटले होते की नाही, सगळं. पण ती कुणाला सांगत नाही. सगळे आनंदाने नाचत असतात आणि ती आपल्या मानेवरून हात फिरवून उठते, घरात जाते.

ती गोष्ट मी काकीकडून पुन्हा सांगून घेतली, लिहून काढली आणि मुंबईच्या एका मासिकाला तिच्या नावाने धाडली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. दिवाळी अंकात ती छापून आली. अंक घेऊन गेले तेव्हा काकीने स्वतःचं नाव वाचलं, पान नाकाशी नेलं आणि म्हणाली, "चेडवा, माझ्या नावाक घासलेटाचो वास येता गो." आणि लाजली. त्या वयाच्या बाईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग सुरू झाले वाचकांचे अभिप्राय. आमच्या हेडमास्तरांनी अंक परत करताना सांगितलं, "भाषा प्रासादिक आहे. परंतु पुराणातील पात्रांना मन कशाला द्यायचं?" मसुऱ्याचे एक कीर्तनकार मुद्दाम चालत आले, बाकावर बसून गोष्ट वाचली आणि पाणीही न पिता निघून गेले. बोटीवर जन्म काढलेला एक म्हातारा तांडेल होता. त्याला मी वाचून दाखवली. हातातली विडी न पेटवताच कानामागे खोचून तो म्हणाला, "खरां आसा. मराण बघून इल्लो माणूस गप्पच रवता." पण असे वाचक थोडे. ज्यांनी अंकाला हात लावला नव्हता, त्यांचे अभिप्राय फार होते आणि तेच मोठ्याने दिले जात. "देवीक झिलाचो, परशुरामाचो राग इल्लो असा लिवल्यान म्हणे!" "देवी नवऱ्याक सोडून गेली असा आसा म्हणे तेच्यात!" यातलं एकही त्यात नव्हतं. पण नसलेलं वाचायला अक्षरओळख लागत नाही.

बायकांचा अभिप्राय वेगळ्या वाटेने येई. वाचनालयात त्या येत नसत. अंक त्यांच्याकडे जाई, माशांच्या टोपलीत, दळणाच्या पिठात, लुगड्याच्या निरीत. जिला वाचता येई ती बाकीच्यांना वाचून दाखवी. परत येई तेव्हा त्याच्या पानांना हळदीची बोटं लागलेली असत. रुक्मिण कोळीण एकदा तो माझ्या हातात देत म्हणाली, "बाई, बरी आसा गोष्ट. पण आमका बरी वाटली म्हणान खंय सांगा नकात." तिच्या कपाळावर जुनी खोक होती. ती कशाची, ते गावाला ठाऊक होतं.

शिमगा झाला आणि दिवस फिरले. किनाऱ्यावर रापण ओढायला सगळी वाडी लागे, आणि जाळ्यात शेवाळ नि दोनचार खेकडे येत. असं लागोपाठ होत गेलं. दर्याला वास यायला लागला. मग खाडीपलीकडच्या वाडीत देवीची साथ आली. पोरांच्या अंगावर फोड उठले. एक पोर गेलं, दुसरं गेलं. कडुलिंबाचे डहाळे दारादारांवर लागले. लोक रस्त्याने जाताना काकीच्या अंगणापाशी आले की आवाज खाली करत. तिच्या ओटीवर बसणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या. मला शाळेत टोचणीवाल्यांची वाट बघायची होती, गावाला कारणाची. ते आबांनी दिलं. "सातेरीक डिवचलां," ते पारावर म्हणाले. "आमच्याच घरातसून."

देवीला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे गावाचा कुठलाही पेच शेवटी तिथेच सुटतो. गुरव पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "आये, तुज्याबद्दल लिवला ता तुका मानवला नाय, म्हणान ह्यो कोप काय?" सगळा गाव पाषाणाकडे बघत उभा. गॅसबत्तीचा सूं सूं आवाज तेवढा येत होता. पाकळ्या पडेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा विचारलं. उन्हाळ्याचे दिवस, पाकळ्या सुकून पाषाणाला चिकटून बसल्या आणि एकही हलली नाही. देवी काहीच बोलली नाही.

"बोलणा नाय म्हणजे कोपलीच आसा," आबांनी निकाल दिला.

बायकांच्या घोळक्यातून काकीचा आवाज आला. "गप्प रवली ती. तिच्या मनात काय आसा, ता तुमका काय ठावक?"

पुरुषांनी माना वळवल्या. रुक्मिणने काकीचा हात धरला आणि सोडला. त्या क्षणी मला काकीसाठी जी भीती वाटली, ती साथीचीही वाटली नव्हती.

गावाने ठरवलं, काकीने देवीपुढे उभं राहून आपलं लिहिणं मागे घ्यावं. रेणुकेला काही आठवत नव्हतं, असं तोंडाने म्हणावं. नाही म्हटलं तर घर वाळीत. पाणी नाही, विस्तव नाही, आणि घरात मेलं तर खांद्याला माणूस नाही. काकी म्हणाली, "म्हणूचंय नाय." आबांनी तिच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मुंबईला बाबलला तार केली, "ताबडतोब निघ." दुसरं काही नाही.

बाबल गिरणीत कारकून होता. तार वाचून त्याची समजूत झाली, की आई गेली. दोन रात्री तो बोटीत रडत आला. अंगणात पाऊल टाकलं तर आई सुपात कोकमं वाळत घालत होती. तिला बघून तो धावला आणि लहान पोरासारखा तिच्या पायांना मिठी मारून ओरडला, "आये, जित्ती आसस गे तू!" काकीचे हात कोकमांनी लाल झालेले. ते त्याच्या सदऱ्याला लागू नयेत म्हणून ती ते वर धरून उभी होती. मी कुंपणाजवळ होते. इतका वेडा जीव होता त्याचा आईवर, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी, आबांशी बोलून झाल्यावर, तो वाचनालयावरून गेला. मी हाक मारली, अंक पुढे केला. "बाबल, एकदा वाचून तरी बघ." त्याने हात मागे घेतले.

"वाचून काय करू, बाई? आबा म्हणतत ता मी करतलंय. उद्या माझी आवस मेली तर खांदो देवक माणसां होयी माका. ती काय तुमच्या अंकातसून येतली?"

तो भित्रा होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे खरंच तिची तिरडी होती.

देवळात काकी आली, पण तोंड उघडेना. तेव्हा आबांनी बाबलच्या पाठीवर हात ठेवला. तो पुढे झाला, हात जोडले, डोळे मिटले आणि आईच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. "आये सातेरी, माज्या आवशीक समज नाय. तिना लिवला ता खोटा. तुका कायएक आठवत नाय, तू लेकरांर माया करतस. ह्या चुकीची माफी कर गे माये." आणि सगळा गाव गरजला, "होय म्हाराजा!" त्या आवाजाने वळचणीची पाखरं उडाली. काकी मुलाकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. एखादी गोष्ट नीट लक्षात राहावी म्हणून बघतात, तशी बघत होती.

टोचणीवाले आले, साथ ओसरली. श्रेय गाऱ्हाण्याला गेलं. गावाने काकीला मोठ्या मनाने माफ केलं आणि श्रावणात पोथीही पुन्हा तिच्याच ओटीवर ठेवली. ती वाचू लागली. पानावर असेल तेवढंच, शब्दाला शब्द, न थांबता. ऋषी आले, राजे आले, वारुळं चढली, उतरली. बायका मध्येमध्ये तिच्या तोंडाकडे आशेने बघत. अध्याय संपला की काकी पोथीला नमस्कार करून फडक्यात बांधी. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोले. भाजी कुठली, पगार झाला का. एकदा मी धीर करून विचारलं, "काकी, आता मधेच थांबत नाही तुम्ही?" ती म्हणाली, "थांबान काय करू, गो?"

ती गेली एकोणीसशे साठच्या दशकात, भर आषाढात. खांद्याला सगळा गाव लोटला. आबांनी म्हातारपणात पहिला खांदा दिला. बाबलला जे हवं होतं, ते त्याला भरपूर मिळालं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात आला. डोकं भादरलेलं, अंगावर कोरं धोतर. "तो अंक आसा काय, बाई?" मी कपाटातून काढून दिला. तो बाकावर बसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. मी उगाच पुस्तकं झटकत राहिले. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. मला ती जागा पाठ होती. परशुराम भीत भीत विचारतो, "आई, तुला काही आठवतं?" आणि रेणुका पाट मांडून म्हणते, "जेवायला बस." एवढंच. तिथेच काकीने गोष्ट थांबवली होती.

बाबलने पान उलटून बघितलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती. त्याने पान पुन्हा पुढे केलं.

"देवळातसून त्या दिवशी घराक गेलंय," तो म्हणाला, "तर आवशीन माका हेच सांगल्यान."

त्याने अंक मिटून मांडीवर ठेवला.

"आणि मी जेवलंय, बाई. वर भात मागान घेतलंय."